गेमिंग रूमवर एवढा खर्च केला, तरी गेममध्ये मन का लागत नाही? गडबड पाठीमागच्या भिंतीत आहे

इन्स्टाग्रामवर 'गेमिंग सेटअप' सर्च करून बघा. दहा रील्समधल्या नऊ खोल्या जुळ्या बहिणी वाटतील. जांभळा-निळा उजेड, भिंतीवर षटकोनी लाइट, निऑनमध्ये लिहिलेलं नाव, शेल्फवर ओळीने मांडलेल्या बाहुल्या आणि काळ्या फोमच्या चौकटी.

मग पोरं पैसे साठवतात. पहिल्या पगारातून, दिवाळी बोनसमधून किंवा घरच्यांना 'अभ्यासाला टेबल हवंय' असं सांगून अगदी तशीच खोली उभी करतात. रात्री दार लावून गेम सुरू होतो आणि अर्ध्या तासात लक्षात येतं की फार काही फरक पडलेला नाही.

कारण अगदी साधं आहे. ती सगळी सजावट खुर्चीच्या मागे असते आणि खेळणाऱ्याचे डोळे असतात समोर.

रीलमधली खोली ही खोली नसते, सेट असतो

स्ट्रीमरची खोली म्हणजे त्याचं दुकान. त्याचा कॅमेरा मॉनिटरवर बसवलेला असतो आणि त्यात दिसतो त्याचा चेहरा आणि त्याच्या मागची भिंत. म्हणून खर्च मागच्या भिंतीवर होतो. चेहरा उजळ दिसावा म्हणून समोरून लाइट मारलेला असतो, आवाज स्वच्छ यावा म्हणून तोंडासमोर माइक आणि चॅट वाचायला बाजूला दुसरा स्क्रीन. यातली प्रत्येक वस्तू बघणाऱ्यासाठी आहे.

आणि यातल्या बऱ्याच वस्तू खेळणाऱ्याच्या मध्ये येतात. समोरून येणारा लाइट डोळ्यांत जातो, चॅटचा स्क्रीन दर दहा सेकंदांनी नजर ओढून घेतो. स्ट्रीमरला ते परवडतं, कारण गेममध्ये हरवून जाणं हे त्याचं काम नाही. त्याला एक डोळा गेमवर आणि एक प्रेक्षकांवर ठेवायचा असतो. ज्याला फक्त खेळायचंय त्याने हा सेट उचलून घरी आणणं म्हणजे लग्नाच्या हॉलचं डेकोरेशन बेडरूममध्ये लावून झोप का येत नाही म्हणून विचारण्यासारखं आहे.

गेममध्ये 'बुडणं' म्हणजे नक्की काय?

यावर संशोधकांनी बरंच काम केलंय. एमिली ब्राउन आणि पॉल केअर्न्स यांनी २००४ मध्ये गेमर्सच्या मुलाखती घेऊन या बुडण्याच्या तीन पायऱ्या मांडल्या. आधी माणूस गेममध्ये रस घेतो, मग गुंततो आणि शेवटी पूर्ण बुडतो. प्रत्येक पायरीच्या आड काही अडथळे असतात आणि ते दूर झाले तरच पुढची पायरी येते.

व्हर्च्युअल रिॲलिटीवर काम करणारे मेल स्लेटर दुसऱ्या बाजूने विचार करतात. आपण 'तिथेच आहोत' हा एक भ्रम असतो आणि तो मधेच तुटतो. वायरला पाय अडकला, काचेत स्वतःचा चेहरा दिसला, बाहेरून हाक आली की माणूस धाडकन परत खोलीत येतो.

थोडक्यात, खोली सजवणं म्हणजे नुसती वस्तूंची भर घालणं नाही. हे तुटण्याचे क्षण कमी करणं हा त्यातला मोठा भाग आहे. रील्समध्ये तो दिसत नाही, कारण काढून टाकलेल्या वस्तूचा व्हिडिओ काढता येत नाही.

याचं सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे २०१४ चा 'एलियन: आयसोलेशन'. अंतराळस्थानकावर एक राक्षसी जीव फिरतोय आणि तुम्ही कपाटात लपून बसलाय, असा तो गेम. प्लेस्टेशन ४ चा कॅमेरा किंवा एक्सबॉक्स वनचा किनेक्ट जोडला, तर हा गेम तुमच्या खऱ्या खोलीतला आवाजही ऐकायचा. तुम्ही खोकलात तर एलियनला तुमचा पत्ता लागू शकायचा. आता हे मराठी घरात खेळून बघा. तुम्ही श्वास रोखून बसलाय आणि स्वयंपाकघरात कुकरची तिसरी शिट्टी होते.

गंमत सोडा, पण मुद्दा लक्षात घ्या. खोली ही गेमचाच भाग आहे. कॅमेरा नसला तरीही.

आधी उजेडाचं बघू, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात

आपल्या डोळ्याला कडेचं बारीक काही दिसत नाही, पण कडेला काही हललं की लगेच कळतं. रस्त्याने चालताना बाजूने येणारी बाइक न बघता जाणवते, ती यामुळेच. आता मॉनिटरच्या बाजूला इंद्रधनुष्यासारखी रंग बदलत पळणारी एलईडी पट्टी लावली, तर डोळा सतत तिकडे धावणार. मेंदू तिच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो, पण त्यातही लक्ष खर्च होतंच.

त्यामुळे आरजीबी लाइट घेतलाच असेल तर फेकून देऊ नका. फक्त त्याची पळापळ बंद करा आणि एक रंग स्थिर ठेवा.

मग पूर्ण अंधार करायचा का? तर तेही नाही. काळोख्या खोलीत एकटा लखलखता स्क्रीन बघितला की डोळ्यांवर ताण येतो, कारण बुबुळाला एकाच वेळी खूप उजेड आणि खूप अंधार सांभाळावा लागतो. यावरचा उपाय टीव्ही आणि सिनेमाच्या एडिटिंग स्टुडिओंमध्ये अनेक वर्षं वापरला जातो. मॉनिटरच्या मागे, भिंतीकडे तोंड करून एक मंद पांढरा लाइट लावायचा. त्याला बायस लाइट म्हणतात.

त्याचा नियम असा की रंग ६५०० केल्व्हिनचा, म्हणजे ढगाळ दिवसाच्या उजेडासारखा पांढरा हवा. भिंतीवर पडणारा उजेड स्क्रीनच्या सर्वाधिक पांढऱ्याच्या साधारण १० टक्के असावा. लाइट स्वतः डोळ्यांना दिसता कामा नये, दिसावी ती फक्त उजळलेली भिंत. यात डोळ्यांना आराम मिळतोच, शिवाय स्क्रीनवरचा काळा रंग आणखी काळा वाटतो. स्क्रीन तोच असतो, पण शेजारी उजळ भिंत असल्यामुळे मेंदू काळ्याला जास्त काळं समजतो. साधी पांढरी एलईडी पट्टी काही शे रुपयांत येते. या पूर्ण विषयात एवढ्या पैशांत एवढा फरक पाडणारी दुसरी वस्तू सापडणं अवघड आहे.

पांढराच का, जांभळा का नाही? कारण आजूबाजूच्या रंगाने स्क्रीनवरचे रंग बदललेले वाटतात. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी: ॲन एन्शंट एपिक' हा गेम आणला. त्यात राजस्थानी किल्ल्यांची वास्तुकला आणि पहाडी लघुचित्रांची छाप आहे. कलाकारांनी एकेका भिंतीचा गेरू आणि केशरी रंग विचार करून निवडलेला असतो. तो जांभळ्या उजेडात बसून बघितला, तर मेंदू जांभळ्याला सरावतो आणि मूळ रंग वेगळाच दिसायला लागतो. याच कारणाने सिनेमाचे रंग ठरवणाऱ्या स्टुडिओंच्या भिंती करड्या असतात.

तुमच्या घरात भिंत करडी करता येणार नाही, भाड्याच्या घरात तर नाहीच. पण मॉनिटरमागे करड्या किंवा गडद रंगाचं, चमक नसलेलं कापड ताणून लावता येतं. आपल्याकडे अनेक घरांत चकचकीत ऑइलपेंट असतो आणि त्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब दिसतं. कापडाने तेही जातं.

खिडकीचंही बघा. खिडकी मॉनिटरच्या समोर आली तर प्रतिबिंब पडतं आणि मागे आली तर डोळे दिपतात. टेबल असं ठेवा की खिडकी बाजूला येईल. ओएलईडी स्क्रीन घेणाऱ्यांनी जास्तच काळजी घ्यावी. क्यूडी-ओएलईडी प्रकारचे स्क्रीन अंधारात अप्रतिम दिसतात, पण उजेडाच्या खोलीत त्यांचा काळा रंग करडा-जांभळा वाटायला लागतो. महागडा स्क्रीन घेऊन पडदा न घेणारे यात फसतात.

स्क्रीनवरच्या रंगाप्रमाणे मागचे लाइट बदलणारी यंत्रणाही मिळते. फिलिप्सने २००४ मध्ये ॲम्बिलाइट नावाने टीव्हीत ती आणली. मायक्रोसॉफ्टने तर २०१३ मध्ये 'इल्युमीरूम' नावाचा प्रयोग दाखवला होता. त्यात प्रोजेक्टर टीव्हीच्या आजूबाजूच्या फर्निचरवर गेमचं जग पसरवायचा. ते उत्पादन म्हणून कधी विकायला आलं नाही. आज बाजारात असलेल्या स्वस्त यंत्रणांचा त्रास हा की लाइट स्क्रीनपेक्षा क्षणभर उशिरा बदलतो. समुद्रकिनाऱ्यावर निवांत फिरायच्या गेममध्ये हे चालून जातं. गोळीबारात मात्र तो उशीर खटकतो.

मोठा टीव्ही की छोटा मॉनिटर?

इथे एक गणित आहे आणि ते बहुतेकांचं चुकतं. स्क्रीन किती इंची आहे याला अर्थ नाही. तो डोळ्यांसमोरचा किती कोन व्यापतो याला आहे. सिनेमासाठी साधारण ३० ते ४० अंश चांगले मानले जातात.

दहा बाय दहाच्या खोलीत पलंगावर बसून आठ फुटांवरचा ३२ इंची टीव्ही बघितला, तर तो जेमतेम १७ अंश भरतो. म्हणजे खिडकीतून शेजाऱ्यांचा टीव्ही बघितल्यासारखं. तेच २७ इंची मॉनिटर अडीच फुटांवर ठेवला की ४० अंशांच्या वर जातो. ५५ इंची टीव्हीला ४० अंश गाठायला साडेपाच फुटांवर यावं लागतं.

म्हणजे अनेकांना नवा टीव्ही नको आहे. खुर्ची पुढे ओढायची आहे, फक्त त्यासाठी पलंगाची जागा बदलावी लागते आणि घरात त्यावर चर्चा होते.

आवाज: फोमच्या चौकटी काय करतात आणि काय करत नाहीत

आता त्या काळ्या फोमबद्दल. भिंतीवर फोम लावला की आवाज शेजारी जात नाही, असा समज आहे. तो चुकीचा आहे.

आवाज अडवणं आणि आवाज शोषणं ही दोन वेगळी कामं आहेत. अडवायला वजन लागतं आणि फट बंद असावी लागते. जाड विटांची भिंत आवाज अडवते. हलका, भोकाभोकांचा फोम नाही अडवत. फोम फक्त खोलीतल्या खोलीत घुमणारा आवाज शोषतो आणि इंचभर जाडीचा फोम तर तेवढंही फक्त तीक्ष्ण आवाजांचं करतो. धडधडणारा बेस तसाच राहतो, कारण १०० हर्ट्झच्या आवाजाची लहर जवळपास साडेतीन मीटर लांब असते. तिला इंचभर फोम दिसतही नाही. अंड्याचे ट्रे लावणाऱ्यांबद्दल तर न बोललेलंच बरं.

स्फोटांचा आवाज शेजारच्या काकूंपर्यंत जाऊ नये असं वाटत असेल, तर पहिली नजर दाराखालच्या फटीवर टाका. आवाज हवेतून जिथून वाट मिळेल तिथून निघतो. दाराच्या कडेने रबराची पट्टी आणि खाली कापडाची गुंडाळी लावली की बराच फरक पडतो.

खोलीतलं घुमणं कमी करायला महागडं काही लागत नाही. टाळी वाजवून बघा. टाळीमागे टणटणणारा आवाज आला तर खोली उघडी आहे. आपल्या घरांत टाइल्सची फरशी, समोरासमोर सपाट भिंती आणि काच असते, त्यामुळे हे होतंच. खाली सतरंजी किंवा गालिचा टाका, खिडकीला जाड पडदा आणि पुस्तकांनी भरलेलं कपाट. जुनी लोकरीची घोंगडी असेल तर ती भिंतीपासून चार बोटं अंतर सोडून टांगा, कारण मागे हवा राहिली की कापड जास्त आवाज शोषतं. स्पीकर वापरणाऱ्यांनी आरशाची युक्ती करावी. खुर्चीत बसा, मित्राला बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा आणि जिथे आरशात स्पीकर दिसेल तिथे घोंगडी लावा. आवाजाची पहिली उसळी तिथूनच येते.

बहुतेक लोक हेडफोन वापरतात आणि ते शहाणपणाचं आहे. निन्जा थिअरीचा 'हेलब्लेड: सेनुआज सॅक्रिफाइस' (२०१७) हा गेम तर हेडफोनसाठीच बनलाय. नायिकेच्या डोक्यातले आवाज दोन कानांच्या जागी माइक ठेवून रेकॉर्ड केलेत, त्यामुळे ते खरंच मानेमागून येतात. स्पीकरवर ती जादू संपते. फक्त आवाजाची मर्यादा पाळा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने मोठ्या माणसाला आठवड्याला ४० तास ८० डेसिबल चालतात. त्यापुढे आवाज ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मी होते. पंखा आणि रस्त्याच्या गोंगाटावर मात करायला आवाज वाढवणाऱ्यांची वेळ फार लवकर संपते. खोली शांत करण्याचा खरा फायदा हा आहे, गेम कमी आवाजातही ऐकू येतो.

फोमबद्दलची एक गोष्ट मात्र गंभीर आहे. स्वस्त फोम पॉलीयुरेथेनचा असतो आणि तो भडकतो. २० फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमधल्या 'द स्टेशन' नाइटक्लबमध्ये फटाक्यांच्या ठिणग्या भिंतीवरच्या फोमला लागल्या आणि १०० माणसं गेली. ब्राझीलच्या सांता मारिया शहरातल्या 'किस' क्लबमध्ये जानेवारी २०१३ मध्ये हेच झालं, २४२ जण गेले. तिथे ज्वाळांपेक्षा धुराने जास्त जीव घेतले, कारण हा फोम जळताना कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही सोडतो.

तुमच्या खोलीत कोणी फटाके लावत नाही, मान्य. पण फोमच्या चौकटींना चिकटून एलईडीची वायर, तिचा साधा ॲडॉप्टर आणि खाली भरलेला एक्स्टेन्शन बोर्ड, हे दृश्य प्रत्येक दुसऱ्या रीलमध्ये असतं. घोंगडी किंवा गोधडीही वायरपासून लांबच हवी, तीही पेटते. मुळात फोमशिवाय चालत असेल तर लावूच नका. लावायचंच असेल तर रॉकवूल कापडी चौकटीत शिवून घ्या. त्याचे दगडी धागे पेट घेत नाहीत, पण उघडे राहिले तर अंगाला खाज येते.

बोर्डाचं गणितही करून टाका. ६ अँपिअरचा बोर्ड २३० व्होल्टवर जेमतेम १३८० वॅट सोसतो. पीसी, मॉनिटर आणि लाइट त्यात बसतात. त्याच बोर्डावर थंडीत हीटर किंवा इस्त्री लावली तर नाही बसत.

मे महिना आणि गेमिंग पीसी

परदेशी व्हिडिओंत या मुद्द्याला फारशी जागा मिळत नाही. नागपूर-चंद्रपूरच्या माणसाला तो सांगायला लागत नाही. गेमिंग पीसी जेवढी वीज खातो, जवळपास तेवढी सगळी उष्णता म्हणून खोलीत सोडतो. ५०० वॅटचा पीसी म्हणजे मे महिन्यात अर्धा हीटर चालू ठेवणं. चार तासांत दोन युनिट वीज जाते, ती वेगळीच. घामाने कंट्रोलर निसटायला लागला की कुठलाच भ्रम टिकत नाही.

म्हणून कॅबिनेट टेबलाखालच्या बंद खणात कोंबू नका, त्याची गरम हवा खिडकीकडे किंवा दाराकडे जाईल असं ठेवा. गेमचे फ्रेम्स ६० किंवा ९० वर बांधले की ग्राफिक्स कार्डची वीज आणि पंख्याचा आवाज दोन्ही उतरतात. कोकणात उलटा त्रास, पावसाळ्यात ओल. तिथे कॅबिनेट थेट फरशीवर आणि भिंतीला टेकवून ठेवू नये. वीज जाण्याचा प्रश्न असेल तर छोटा यूपीएस घ्या, निदान गेम सेव्ह करून बंद करण्याएवढा. तीन तासांची प्रगती वीज जाऊन पुसली जाण्यासारखा दुसरा भ्रमभंग नाही.

मग पोस्टर आणि बाहुल्यांचं काय?

ठेवा की. पण जागा बदला. त्यासाठी एक सोपी चाचणी आहे. खोलीचा फोटो दारातून काढायचा नाही. खुर्चीत बसायचं, फोन डोळ्यांसमोर धरायचा आणि समोरचा फोटो काढायचा. त्यात काय काय दिसतंय? वायरींचा गुंता, घड्याळ, चार्जिंगला लावलेला फोन, राउटरचे लुकलुकणारे दिवे, उद्याच्या ऑफिसची बॅग. हे सगळं खेळताना डोळ्यांसमोर असतं. आधी ते हलवा.

राउटरच्या दिव्यावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा पुरतो. घड्याळ मागच्या भिंतीवर जाऊ द्या. फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला. पोस्टर दारातून आत येताना दिसेल अशा ठिकाणी हवं. म्हणजे खोलीत शिरताना मन गेमकडे वळतं आणि खेळताना ते मध्ये येत नाही.

खोली एकट्याची नसेल, आणि मुंबईच्या वन बीएचकेत ती नसतेच, तर पूर्ण खोली सजवायचा नाद सोडा. डोळ्यांसमोरची पाच फूट भिंत ताब्यात घ्या. गडद कापड, मागे मंद लाइट, खाली सतरंजी. सकाळी कापड गुंडाळलं की खोली पुन्हा घरच्यांची.

व्हीआरवाल्यांसाठी नियम थोडे उलटे आहेत. हेडसेटचे कॅमेरे खोली बघून अंदाज घेतात, त्यामुळे उजेड लागतो. साधारण दोन बाय दोन मीटर मोकळी जागा हवी. हेडसेटच्या भिंगांवर थेट ऊन पडू देऊ नका, आतला स्क्रीन जळतो. मधोमध छोटी चटई टाका, अनवाणी पायांना कडा लागली की सरकल्याचं कळतं. आणि छताच्या पंख्याखाली तलवारबाजीचा गेम लावू नका. हात वर गेल्यावर आठवून उपयोग नसतो.

राहिला हेडफोन घातल्यावर घरच्यांना ऐकू न येण्याचा प्रश्न. आई जेवायला हाका मारून दमते, बेल वाजत राहते, आजोबांना काही हवं असतं तेही कळत नाही. यासाठी मॉनिटरमागचा तो बायस लाइटच कामी येतो. त्याच्या वायरला मध्ये एक साधं बटण जोडून घ्या आणि ते दाराजवळ बसवा. कोणीही आत डोकावून दोनदा दाबलं की समोरची भिंत लुकलुकते. खांद्यावर अचानक हात पडून, तोही एलियन मागे लागलेला असताना, दचकायची वेळ येत नाही.